ऐकायचं लायसन

लोकांच्या बैठकीत देवाचे फोटो असतात, नाहीतर हार घातलेले पणजोबा. नागपूरजवळ वाडीला माझ्या घरमालकांच्या बैठकीत काचेच्या फ्रेममध्ये रेडिओचं लायसन टांगलेलं होतं.

आता कोणाला सांगितलं तर हसतात, पण तेव्हा घरात रेडिओ ठेवायचा तर पोस्टात पैसे भरून लायसन काढावं लागायचं. सायकलला बिल्ला लागायचा. दोन्ही चुकवणं ही आमच्याकडे कला होती. बिल्लेवाला चौकात उभा दिसला की अख्खं नागपूर सायकलवरून उतरून, हातात धरून गल्लीत शिरायचं. आमचे सर, म्हणजे हेच घरमालक, मात्र बिल्ला तपासणाऱ्यासमोर मुद्दाम थांबायचे आणि सायकल वळवून दाखवायचे. तो बिचारा म्हणायचा, "जा ना सर, मी कुठं मांगितलं!"

मी खोली पाहायला गेलो तेव्हा त्यांनी आधी खोली नाही, फ्रेमच दाखवली.

"आकाशातून फुकट येतं ते ऐकायलासुद्धा सरकार लायसन मागतं. मग समोर बसलेला जिवंत माणूस ऐकायला नको?"

मला वाटलं, म्हातारा भैताड आहे. पण खोली स्वस्त होती. म्हटलं, "अगदी बरोबर आहे सर."

मी काटोलचा. शाळेत मार्क कमी आणि आवाज जास्त. हेडमास्तरांचा घोगरा आवाज, संत्र्याच्या लिलावातला दलाल, एसटीचा कंडक्टर, सगळे माझ्या गळ्यात मुक्कामाला होते. वाडीच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्टी फाडायची नोकरी लागली म्हणून मी खोली शोधत होतो. पहिल्याच दिवशी सरांची नक्कल करायची माझी जीभ शिवशिवली. कारण हे गृहस्थ कोणालाही नावानं हाक मारत नसत. कायद्यानं आपलं आणि त्या माणसाचं जे नातं असेल त्यानं मारत. मी "अहो भाडेकरू". दूधवाला "अहो पुरवठादार". आणि प्लॉट दोघांच्या नावावर होता म्हणून स्वतःच्या बायकोला "अहो सहधारक".

"सहधारक, चहा होईल का?"

आतून काकूंचा आवाज यायचा, "व्हते. अर्ज करा."

सर गुरांच्या डॉक्टरांच्या कॉलेजात शिकवून रिटायर झालेले. काड्यांसारखे पाय, त्यावर खाकी हाफपँट, वर मात्र बारा महिने पूर्ण बाह्यांचा शर्ट. आणि त्यांचं काम काय, तर माणसं जनावरांना काय म्हणतात ते टेप करणं. बैल थांबवायला काय म्हणता, वळवायला काय, कोंबड्या कशा बोलावता, म्हैस पान्हा चोरते तेव्हा तिच्या कानात काय सांगता. त्यांचं म्हणणं होतं की एक नाला ओलांडला की हाक बदलते, आणि त्याचा एक नकाशा होऊ शकतो. भावानं परदेशातून आणलेला, सेलवर चालणारा स्पूलचा टेपरेकॉर्डर होता. त्याच्या पेटीत कस्टमची पावती अजून होती. ते मशीन सायकलच्या कॅरिअरला गोधडीत बांधून सर गावोगाव हिंडायचे. गावातले पोट्टे मागे धावायचे, "ढोराचे फोटोवाले आले!"

गंमत पुढेच आहे. सरांची कुठलीही टेप हाकेनं सुरू होत नसे. ती सुरू व्हायची अटीनं. ज्याची हाक आहे त्यानं आधी स्वतःच्या तोंडानं सांगायचं, ही कोणी ऐकावी, कोणी ऐकू नये, तिचं काय करावं. त्यानंतर हाक. त्यामुळे हाकांपेक्षा अटीच ऐकण्यासारख्या झाल्या होत्या. एक गवळी म्हणतो, "म्हशीची हाक घ्या जी, पन आमच्या भावकीले आयकवू नका. याच बोलावर त्याईची म्हैस बी दूध देईन." एक बैलबंडीवाला म्हणतो, "शिव्या हायेत. बायामानसाईले नोको. अन् माह्या बापाले तं नाईच नाई." एक जण घसा खाकरून सांगतो, "पयले माह्यं नाव घ्या, मंग गावाचं, बैलाचं सगळ्यात शेवटी."

टेप ऐकायला कोणीही यावं. पैसे नाहीत, ओळखपाळख नाही. कॉलेजची पोरं यायची, रेडिओवाले यायचे, एकदा एक तमाशातला सोंगाड्या आला होता. पण आधी त्या फ्रेमखाली उभं राहायचं, ज्या टेपची जी अट असेल ती स्वतःच्या आवाजात म्हणायची, आणि तेही टेप व्हायचं. पाहुणे कोर्टात शपथ घेतल्यासारखे घामाघूम होत. काकू पाणी आणून ठेवत. "घ्या. यानंतर फाशी नाई देत ते."

मी नकला करतो हे सरांना कळलं तेव्हा ते एवढे खूश झाले की मला मशीनसमोर बसवलं. मी माझ्या मामाची बैल वखराला वळवायची हाक अशी काढली की शेजारचा कुत्रा उठून बसला. सरांनी मशीन बंद केलं.

"ही हाक कोणाची?"

"मामाची. काटोलच्या."

"त्यांना विचारलं?"

"सर, नक्कल आहे. नकलेला कोणी विचारतं काय?"

"तोंड तुमचं आहे, माल त्यांचा आहे. विचारून या."

मी हसत हसत काटोलला गेलो. मामा वावरात होता. त्याला म्हटलं, मामा, तुझी नक्कल करायची परवानगी दे. मामानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काही लफडं केलं काय बे? खरं सांग. नोकरी गेली तं आत्ताच सांग, मी तुह्या मायले समजावतो." खूप समजावल्यावर तो एवढंच म्हणाला, "तुले जमतेच नाई थे. बैल हासन." आणि पुढच्या आठवड्यात संत्र्याची एक पेटी घेऊन स्वतः वाडीला हजर. सरांच्या मशीनसमोर मांडी घालून त्यानं सकाळ गाजवली. अट विचारली तेव्हा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "याले करू द्या. पन सांगाले लावा का हे नक्कल हाय, असली मामा काटोलले भेटीन."

सरांनी स्वतःच्या नकलेचं लायसनही मला दिलं. मी अंगणात काकूंसमोर "अहो सहधारक" करत होतो, काकू पदरात तोंड घालून हसत होत्या, आणि सर मागे उभे. मी गार. ते शांतपणे म्हणाले, "करा. पण समोर करायची. मागे नाही." मग खुर्ची आणून बसले आणि माझ्याकडून पुन्हा करून घेतली. वर दुरुस्ती सुचवली, "'सहधारक'च्या आधी मी थोडा थांबतो. भीती असते."

एकदा सफारी घातलेला एक माणूस आला. म्हणाला, कोंबड्यांच्या सवयींचा अभ्यास करून राहिलो. त्याला काटोलच्या एका म्हातारीची टेप हवी होती. कोंबड्या बोलवायची हाक, तीऽऽ ती ती ती, शेवटी असं लाडिक वळण की माणसालाही वाटावं, जाऊन पाहावं. तिची अट होती, "फुकट घ्या, कोनाले बी द्या, पन विकाच्या कामाले लावू नका." सफारीनं फ्रेमखाली उभं राहून अट म्हटली, आपल्या मशीनवर टेप उतरवून घेतली, आणि काकूंचा चिवडा खाऊन गेला.

मग एका दुपारी मी गोडाऊनमध्ये बिल्टी फाडत होतो, तर अमरावती रोडवरून एका व्हॅनच्या भोंग्यावर तीच म्हातारी. तीऽऽ ती ती ती! आणि मागून सफारीचा आवाज, "अंडी दुप्पट! आजच घेऊन जा!" कोंबडीखाद्याची जाहिरात. वाडीच्या ट्रक ड्रायव्हरांनी खोल्यांमागे कोंबड्या पाळलेल्या. त्या सगळ्या, पिल्लांसकट, रस्त्यावर. काटोलच्या बोलीला वाडीची कोंबडी फसते, हे सरांच्या नकाशासाठी फार महत्त्वाचं होतं, पण त्या वेळी पंजाबचा एक ट्रक आडवा झाला होता आणि त्याचा सरदारजी टपावर चढून आम्हा सगळ्यांच्या खानदानाची चौकशी करत होता.

सर अंघोळीतून उठून आले होते. बनियन, कमरेला टॉवेल. व्हॅनसमोर उभे राहिले. सफारी खाली उतरला.

"सर, मी वकिलाला विचारून केलंय. कोंबडीच्या हाकेवर कोणाचा हक्क नसतो. सगळं जग तेच ओरडते."

"वकील बरोबर आहेत," सर म्हणाले. "हाक कोणाचीच नाही. पण 'विकायच्या कामाला लावणार नाही' हे तुम्ही म्हणालात. ते तुमच्या आवाजात माझ्याकडे टेप आहे. आत्ता आणून इथे वाजवतो."

गर्दी खूश. सर दोन पावलं घराकडे गेले आणि थांबले. परत आले.

"वाजवायला तुमची परवानगी लागेल."

सफारीनं आधी डोळे मिचकावले. मग त्याच्या लक्षात आलं. "नाही देत," तो म्हणाला.

आता काय? सर टॉवेल धरून उभे. भोंगा चालू. कोंबड्या पायात. मी पुढे झालो, "सर, मी करतो. याचा आवाज मला येते. शब्दन् शब्द—"

"नाही, भाडेकरू. तेच झालं ते."

मला इतका संताप आला सांगू! आपल्याच नियमानं बांधलेला माणूस, आणि समोर तो सफारी दात काढून राहिला. तेवढ्यात कोंबड्या बाजूला सारत काकू आल्या. हाताला कणीक.

"म्या आयकलं," काकू म्हणाल्या. "माह्या कानानं आयकलं. माह्या घरात, माहा चिवडा खाऊन म्हनला हा मानूस. मले कोनाची परवानगी नाई लागत. अन् तू रे," हे व्हॅनच्या ड्रायव्हरला, "तुले आजी हाय का नाई? तुह्या आजीले रस्त्यानं असं वरडवत नेशीन काय?"

ड्रायव्हरनं मालकाकडे न बघता भोंगा बंद केला.

दुसऱ्या दिवशी सर काटोलला गेले, म्हातारीची माफी मागायला. मी सोबत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोंबड्या आल्या का पन?"

"आल्या," सर मान खाली घालून म्हणाले. "ट्रक अडले."

म्हातारीचं तोंड असं फुललं! "मंग माह्यं नाव काहून नाई घेतलं त्या मुडद्यानं?" आणि तिथेच तिनं अट बदलली. आता वाजवा कुठंही, पण आधी नाव. सर परत येताना एसटीत एकदम तरतरीत. म्हणाले, "बघितलं? अट ज्याची त्यालाच बदलता येते. आपण फक्त सांभाळायची."

हे वाक्य त्यांना पुढे किती जड जाणार होतं, हे तेव्हा माहीत नव्हतं.

टेपा खराब होत चालल्या होत्या. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. कौलाखाली ठेवलेल्या टेपांच्या कडा वळायच्या, बोटाला तपकिरी भुकटी लागायची. सर खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या टट्ट्यांमागे टेपा ठेवायचे आणि स्वतः उन्हात बसायचे. तेव्हा दिल्लीच्या एका संस्थेचा माणूस आला. भला माणूस होता. म्हणाला, आमच्याकडे थंड खोली आहे, सगळ्यांची नक्कल काढून कायम जपू, जगभरातले अभ्यासक ऐकतील. फक्त एका कागदावर सही करा, की मालक तुम्ही आणि वापरावर कुठलीही अट नाही.

"मालक मी नाही," सर म्हणाले.

"कागदावर कोणाला तरी मालक व्हावंच लागतं, सर."

"मग त्यांना विचारावं लागेल."

"कोणाला?"

"सगळ्यांना. बंडीवाल्याच्या बापालासुद्धा."

दिल्लीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, चिवडा घ्या."

त्यानंतर दोन हिवाळे सर गावोगाव त्याच माणसांना पुन्हा विचारत हिंडले. बहुतेकांनी हसून हो म्हटलं. बंडीवाल्याचा बाप वारला होता. बंडीवाला म्हणाला, "वाजवा आता. त्याईच्याच शिव्या होत्या त्या." ज्यांनी हो म्हटलं त्या टेपा दिल्लीला गेल्या. शेवटी एकच डबा राहिला. त्यावर सरांच्या अक्षरात, पारशिवनी, न ऐकलेली.

ती टेप सरांनी स्वतःही कधी ऐकलेली नव्हती. पारशिवनीकडच्या एका गावात नत्थूजी आणि पार्बताबाई असं जोडपं होतं. मूलबाळ नाही. गाय मेली तेव्हा पार्बताबाईंनी तिचं गोऱ्हं पेज पाजून वाढवलं. त्याचा बैल झाला, चांद्या. तो फक्त त्यांच्या हाकेला यायचा. कितीही लांब चरत असो, त्यांनी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हाक दिली की येऊन उभा. त्या साली तिकडे बैलचोरी फार चालली होती. म्हणून त्यांनी अट घातली होती, "चांद्या हाय तोवर कोन्या मानसानं आयकाचं नाई. तुमी बी नाई." सरांनी मशीन धुऱ्यावर ठेवलं, बटन दाबलं, आणि आवाज पोचणार नाही इतक्या लांब पळसाच्या झाडापाशी जाऊन उभे राहिले. नंतर येऊन बंद केलं. झालं. अशी टेप.

मी चिडवायचो, "सर, कोरी निघाली तर?"

ते डब्याचं झाकण पुन्हा घट्ट करायचे. त्यांनाही तीच भीती होती, हे मला उशिरा कळलं.

एका मार्चमध्ये दुपारी नत्थूजी वाडीला आले. डोक्यावर टोपी, हातात काहीच नाही. गावाकडचा माणूस रिकाम्या हातानं आला की समजावं. बसले, पाणी प्यायले, म्हणाले, "पार्बता गेली, जी. संक्रांतीले."

काकू दारातच खाली बसल्या.

"चांद्या खात नाई. धुऱ्याकडं तोंड करून उभा राह्यते. म्या हाक देल्ली, शेजाऱ्याईनं देल्ली. पायतच नाई. डाक्टर म्हनते ढोराले काही रोग नाई." त्यांनी सरांपुढे हात जोडले. "थे टेप वाजवा, जी. तिची. नाईतं मरते थो."

सर फ्रेमकडे बघत होते. "अट बाईंची होती नत्थूजी. ती त्यांनीच बदलावी लागते."

"आता थे कोठून येईन बदलाले?"

"अवो, काही लाज?" काकू उभ्या राहिल्या. "बायकोचा आवाज मांगून राह्यला मानूस, अन् तुमी त्याले कायदा सांगून राह्यले?"

सर उठून अंगणात गेले. पेरूच्या झाडाभोवती फेऱ्या मारू लागले. मी खिडकीतून बघत होतो. नकलेसाठी इतका मसाला समोर होता, पण तोंड उघडेना. ते हळू आवाजात दोन्ही बाजूंनी भांडत होते, एकदा स्वतः म्हणून, एकदा पार्बताबाई म्हणून. ऊन उतरलं तेव्हा आत आले. काकूंनी वातींसाठी पिंजून ठेवलेल्या कापसाचा एक मोठा गोळा तोडला.

"त्या म्हणाल्या होत्या, माणसानं ऐकायचं नाही. आपण ऐकायचं नाही. बैलाला ऐकवू. चला, भाडेकरू."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं आम्ही निघालो. मशीन सरांच्या मांडीवर.

चांद्या गुरांच्या कोठ्यासमोर उभा होता. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. कडब्याला तोंड लावलेलं नव्हतं. कपाळावर पांढरा ठिपका, डोळे धुऱ्याकडे. सरांनी मशीन नेऊन धुऱ्यावर ठेवलं, बरोबर त्याच जागी. मग आमच्याकडे येऊन कापूस वाटला. मला दिला, स्वतः घेतला, नत्थूजींपुढे हात केला.

"अटीत 'तुम्ही सोडून' असं नाही, नत्थूजी."

नत्थूजींनी घेतला.

आम्ही पळसापाशी जाऊन उभे राहिलो. पानं गळलेली, नुसती लाल फुलं. सरांनी कानात कापूस कोंबला, धुऱ्याकडे पळत गेले, बटन दाबलं, आणि हाफपँटमधले ते काड्यांसारखे पाय उचलत, वर दोन्ही कानांत बोटं घालून, पळत आले. दुसरा कोणताही दिवस असता तर मी हसून मेलो असतो. येऊन ते झाडाकडे तोंड करून उभे राहिले. कपाळ खोडाला टेकवलेलं.

मला काहीच ऐकू येत नव्हतं, स्वतःच्या छातीशिवाय. मी फक्त बैलाकडे पाहत होतो. बराच वेळ काही झालं नाही. मनात म्हटलं, कोरी आहे. झालं.

मग चांद्याचे कान उभे राहिले. एक, मग दुसरा. त्यानं मान वर केली. पाऊल टाकलं. आणि मग तो चालायलाच लागला, आधी हळू, मग वाळल्या गवतातून सरळ, धुऱ्यापर्यंत. मशीनजवळ येऊन त्यानं नाक खाली केलं आणि हुंगत राहिला.

मी नत्थूजींना दाखवायला वळलो. ते बैलाकडे बघतच नव्हते. डोळे मिटून उभे होते. दोन्ही हात खाली, आणि उजव्या मुठीतून कापूस बाहेर दिसत होता, जसा दिला होता तसाच.

मी सरांकडे पाहिलं. सरांचं कपाळ खोडाला. बोटं कानात. ते वळले नाहीत. टेप संपून नुसती गरगरत राहिली असेल, तरी वळले नाहीत. शेवटी मीच त्यांच्या खांद्याला हात लावला.

निघताना ते मशीन उचलेनात. नत्थूजींना बटनं दाखवली, दुसऱ्या स्पूलवरून टेप मागे कशी न्यायची ते दाखवलं. "रोज संध्याकाळी एकदा. चांद्यासाठी. नीट खायला लागेपर्यंत." थोडं थांबून, नकलेत मी थांबायचो तसंच, म्हणाले, "कापूस आहे ना तुमच्याकडे?"

"हाव जी," नत्थूजी म्हणाले. "हाय."

एसटीत मला राहवेना. "सर, नत्थूजींनी कापूस—"

"भाडेकरू," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मी झाडाकडे बघत होतो."

मशीन परत मागायला ते कधी गेले नाहीत. चांद्या कडबा खायला लागला असं एक कार्ड आलं, तेवढंच. सायकलच्या कॅरिअरवर नुसती गोधडी बांधलेली राहिली. मशीन नाही म्हणून सर गावोगाव जाऊन हाका हातानं लिहून घेऊ लागले आणि लिहिलेल्या हाका घरी मला वाचून दाखवायला लावायचे. कोणाला नकाशा दाखवायचे तेव्हा पारशिवनीच्या जागी बोट ठेवून म्हणायचे, "इथली सगळ्यात चांगली आहे." कशी आहे, असं कोणी विचारलं तर, "मला माहीत नाही."

त्याच वर्षी दिवाळीनंतर सर गेले. झोपेतच. मी माझ्या लग्नाला काटोलला गेलेलो, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. गोडाऊनमधले लोक अजून म्हणतात, ते 'सहधारक' करून दाखव ना बे. मी नाही करत. समोर करायची अट होती.

होळीच्या आसपास नत्थूजी पुन्हा आले. मी काकूंकडे वीजबिल भरून द्यायला आलो होतो. ह्या वेळी हात रिकामे नव्हते. धोतराच्या जुन्या पानात बांधलेलं मशीन होतं.

"चांद्या गेला जी," ते म्हणाले. "म्हतारा होऊन गेला, सुखानं. आता सरले आयकता येते. म्हनून आनली."

काकूंनी त्यांना सांगितलं. नत्थूजींनी डोक्यावरची टोपी काढली. मग त्यांनी अंगातल्या बंडीच्या खिशातून काहीतरी काढून मशीनवर ठेवलं. कापसाचा बोळा. पांढरा, कोरा, थोडा दबलेला.

"हा सरचा हाय. वापस द्याचा राह्यला होता."

काकूंनी तो बघितला. उचलला नाही. "ठेवा तुमच्याजवयच," त्या म्हणाल्या. "त्याईले माहीत होतं."

मी मशीन फ्रेमखालच्या टेबलावर ठेवलं, नवे सेल घातले, टेप चढवली. सरांची खुर्ची काकूंनी ओढून समोर आणली. मग त्याच पुढे झाल्या आणि बटन दाबलं.

ह्या वेळी कोणी बाहेर गेलं नाही.